सायकलवरून तलावाची पहिली फेरी मारताना

नकाशावर तलाव केवढासा दिसतो, त्यावर जाऊ नका. अगदी गोल आणि ४ किलोमीटर रुंद तलाव धरला तरी काठाकाठाने साडेबारा किलोमीटर होतात. त्यात आत घुसलेल्या खाचा, ओढ्यांची तोंडं आली की अंतर आणखी वाढतं. शॉर्टकट नसतोच. अर्ध्यावर दमलात तर पुढे जा नाहीतर मागे फिरा, लांबी तेवढीच.

वाऱ्याचं गणित मात्र नीट समजून घ्या. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, त्यामुळे मोठ्या तलावावर दुपारी वारा पाण्याकडून काठाकडे येतो, आणि उघड्या काठावर अडवायला झाडही नसतं. म्हणून लवकर निघा. वारा असेलच तर समोरचा आधी अंगावर घ्या, पाठीवरचा परतताना. मी एकदा उलटं केलं आणि शेवटचे सहा किलोमीटर सगळ्यात हलक्या गिअरवर अक्षरशः रांगत काढले.

कच्च्या वाटेवर टायरमध्ये हवा जरा कमी बरी, पण टायरवर छापलेल्या किमान आकड्याखाली नको. नाहीतर दगडावर ट्यूब रिमखाली चेपते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात, साप चावल्यासारख्या. दवाने ओला लाकडी पूल दिसला की ब्रेक आधीच मारा, पुलावर हँडल सरळ. सोबत जादा ट्यूब, टायर लिव्हर (टायर रिमवरून उचकटायची पट्टी), पंप, पाणी. बस्स.

मोटारी नसल्या तरी चालणारी माणसं असतात, घंटी लांबूनच वाजवा. आणि कानात इअरफोन घालायचे असतील, तर तलावावर यायचंच कशाला?