कोणतं पान दोनदा वाचलंस?

"मॅडम, पोराईच्या हाती असले पुस्तकं देऊच नये ना?" हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं. कधी दप्तरात पाळीवरचं पुस्तक सापडलेलं असतं, कधी मुलगा मेंदूवर, व्यसनांवर काहीतरी वाचत बसलेला असतो. शाळेच्या कपाटात, वाचनालयात आता कुमारवयीन मुलांसाठी शरीराची, आजारांची, विज्ञानाची बरी पुस्तकं येऊ लागली आहेत. मुलं ती वाचतात, आणि आईबाप घाबरतात. वाचून पोरगी घाबरेल, डोक्यात भलतं शिरेल, नसलेला रोग अंगाला चिकटवून घेईल. काळजी खरी आहे. मी ती उडवून लावत नाही. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या, धानपट्ट्यातल्या एका घरानं मला या प्रश्नाकडे कसं बघायचं ते शिकवलं. घराची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील धानाचे शेतकरी. बाजाराच्या दिवशी मुलीला घेऊन आले. मुलगी दहावीत. आई मागे, पदर तोंडाशी धरून.

"पोट्टी रातभर रोगाचं पुस्तक वाचून राहिली जी," वडील म्हणाले. "पाय दुखला का म्हणते, मले बी सिकल असंल. माह्या पोराले आहे ना, लहान्याले. एसएस. एक तं तो दवाखान्यात, अन् आता ही अशी. म्या पुस्तक पेटीत घालून कुलूप लावलं. तं आता बोलतच नाही."

एसएस म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. पूर्व विदर्भात सिकलसेल हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. नऊ वर्षांचा भाऊ. थंडी लागली, ताप आला, पाणी कमी प्यायला की हाडांत कळा सुरू. गोल, लवचीक असायच्या त्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. चांगली पेशी साधारण 120 दिवस जगते, विळ्यासारखी झालेली दहा-वीस दिवसांत मोडते, म्हणून रक्तही कमी. त्या मुलानं एका पावसाळ्यात तीनदा खाट धरली होती. रोवण्याचे दिवस, घरातली सगळी माणसं चिखलात, आणि त्याच्या उशाशी ही बहीण.

पहिल्या भेटीत ती माझ्याशी बोलली नाही. मी फक्त एक गोष्ट मागितली: पुढच्या वेळी पुस्तक घेऊन या. वडिलांना ते आवडलं नाही, पण आणलं.

इथे माझा कल सांगून टाकते. एखादं मूल माझ्यासमोर 'बिघडलेलं' म्हणून आणलं जातं तेव्हा मी त्या मुलापेक्षा त्याच्या घराकडे जास्त बघते. घरात जे बोललं जात नाही, ते बहुतेक वेळा सर्वांत कोवळ्या माणसाच्या अंगातून बाहेर पडतं. अठरा वर्षांत हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता त्यावर भरवसा ठेवते.

पुस्तक रक्तावरचं होतं, किशोरांसाठी लिहिलेलं. शाळेच्या कपाटातून तिनं तीन महिन्यांपूर्वी नेलेलं. मी ते हातात घेऊन नुसतं सैल सोडलं, आणि ते आपोआप एका पानावर उघडलं. कडा हाताळून काळपट झालेल्या. पानावर चार चौकोनांची आकृती, आईबापांकडून गुण मुलांत कसे उतरतात ते दाखवणारी. चौकोनांच्या बाहेर, वरच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात 'आई', डाव्या बाजूला 'बाबा'. आतल्या एका चौकोनात भावाचं नाव. 'बाबा' खोडून पुन्हा लिहिलेलं, दोन-तीनदा. कागद तिथे विरला होता.

वडिलांना मी बाहेर बसायला सांगितलं.

"हे पान तू किती वेळा वाचलंस?"

"मोजलं नाही."

"भीती वाटते म्हणून?"

तिनं मान हलवली. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "मॅडम, मले माह्या पायाचं काही नाही. मी पाहून राहिली होती का, हे आईमुळंच झालं का."

घरातली आजी प्रत्येक कळेच्या वेळी एकच वाक्य म्हणायची. "तुह्या माहेरचा रोग आणला माह्या घरात." भावाचं निदान झालं तेव्हा आईचं रक्त तपासलं, ती वाहक निघाली, म्हणजे स्वतः आजारी नाही, पण हा गुण रक्तात बाळगणारी. वडिलांनी तपासणी केलीच नाही, गरजच काय, सापडलं ना कुठून आलं ते. नऊ वर्षांपैकी निदानानंतरची सात वर्षं ती बाई हे वाक्य ऐकत स्वयंपाक करत होती. आणि मुलीला पुस्तकातल्या चार चौकोनांनी सांगितलं होतं की आजीचं गणित चुकलं आहे. हे कोणाला सांगायचं, कसं सांगायचं, ते पुस्तकात नव्हतं. पाय दुखतो, मलाही असेल, माझी तपासणी करा, हा तिचा मार्ग होता. तिची तपासणी झाली तर बाबांचीही करावी लागेल, असा तिचा हिशोब.

पंधरा वर्षांच्या मुलीनं एकटीनं हे योजलं होतं. आणि आम्ही मोठी माणसं म्हणत होतो, पुस्तकानं पोरगी बिघडली.

मधल्या दोन भेटी मी तिला बोलायला तयार करण्यात घालवल्या. पुस्तकातलं आणखी काय आवडलं विचारलं तर ती खुलली. 1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिक नावाच्या डॉक्टरांनी या विळ्यासारख्या पेशींबद्दल पहिल्यांदा लिहिलं, त्यांचा रुग्ण ग्रेनाडा नावाच्या बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला तरुण होता, हे तिनं मला सांगितलं. "घरापासून इतक्या दूर, अन् दुखणं काय ते कोणालेच माहीत नाही," म्हणाली. रोगाच्या पुस्तकात तिला माणूस भेटला होता.

चौथ्या भेटीला तिघंही आले. मी घरून दोन मुठी दाणे नेले होते: तूर आणि लाखोळी. तुरीचा दाणा गोल, लाखोळीचा पाचरीसारखा, कोनाचा. धानपट्ट्यात दोन्ही लहान मुलंही डोळे मिटून ओळखतात. मी मुलीच्या हातात दाणे दिले आणि गप्प बसले.

तिनं वडिलांपुढे एक तूर, एक लाखोळी ठेवली. आईपुढेही तसंच. "बाबा, प्रत्येकाजवळ दोन दाणे राहतात. एक आईकडून, एक बाबाकडून आलेला. लेकराले आपण दोन्ही नाही देत, एकच देतो. कोणता जाईल ते आपल्या हाती नाही. डोये मिटा अन् उचला. आई, तू बी."

पहिल्यांदा दोघांच्या हाती तूर. "हे लेकरू निरोगी." दाणे परत ठेवले. दुसऱ्यांदा आईची लाखोळी, वडिलांची तूर. "हे वाहक. एएस. यायले सहसा काही त्रास नाही." पुन्हा तूर, पुन्हा वाहक. पाचव्यांदा की सहाव्यांदा दोघांनी मुठी उघडल्या आणि दोन्ही तळव्यांवर लाखोळी.

मुलीनं भावाचं नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही.

वडिलांनी आपला तळहात डोळ्यांजवळ नेला. दाणा बोटानं उलटा केला, सुलटा केला. "हा तं माह्या हातातला आहे," ते म्हणाले. एकदा बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

खरं तर इथेच सगळं बिघडूही शकलं असतं. आईच्या डोक्यावरचा दोष उचलून बापाच्या डोक्यावर ठेवला तर घर तिथेच राहतं, फक्त शिव्या खाणारा बदलतो. मी मुलीला पुढचं पान वाचायला सांगितलं. तिनं मोठ्यानं वाचलं: ज्या मुलखांत हिवतापानं माणसं मरत, तिथे हा एक दाणा बाळगणारे जीवघेण्या हिवतापातून जास्त वाचले, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. अँथनी अ‍ॅलिसन या शास्त्रज्ञानं 1954 मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे मांडलं. म्हणजे तो कोणाच्या पापाचा नाही, जातीचा नाही, माहेरचा नाही. जंगलाच्या कडेला जगून दाखवलेल्या पूर्वजांचा आहे.

वडील बराच वेळ दाण्याशी खेळत राहिले. मग म्हणाले, "डोये तं मिटलेलेच होते जी. दोघाईचे."

या वाक्यावर मी काहीही जोडलं नाही. चार भेटींत मी जे सांगू पाहत होते ते त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं होतं. उठताना आईनं टेबलावरचे ते चार दाणे गोळा केले आणि पदराच्या गाठीत बांधले. तोपर्यंत तिच्या तोंडून माझ्यासमोर एक शब्द निघाला नव्हता, तेव्हाही निघाला नाही.

आता तुमच्या काळजीबद्दल. भीती बहुतेक वेळा पुस्तक येण्याआधीच घरात आलेली असते, पुस्तक तिला शब्द देतं. म्हणून पुस्तक हिसकावू नका. मुलाला विचारा, "यातलं कोणतं पान तू दोनदा वाचलंस?" कशासाठी वाचतोस, असं विचारलं की मूल आरोपीसारखं उत्तर देतं. पान विचारलं की ते पान दाखवतं, आणि त्या पानावर तुम्हाला घरातली एखादी गोष्ट दिसते. पाळीवरच्या, वयात येण्यावरच्या पुस्तकांनाही हेच लागू. माहिती मिळाली म्हणून मुलं बिघडत नाहीत. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान' या उपक्रमातून मुलामुलींशी या विषयांवर मोकळेपणानं बोलण्याची वाट केव्हाच घालून दिली आहे. आपल्या भागातल्या पालकांनी तरी लाजू नये.

पुस्तक मात्र पारखून घ्या. छापल्याचं वर्ष बघा. सिकलसेलवर जुनं पुस्तक असेल तर त्यात उपचारांबद्दल निराशाच भेटेल. आज हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधानं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कळांचे झटके कमी करता येतात. नुसती लक्षणांची यादी देऊन थांबणारं पुस्तक मुलाच्या हाती एकट्यानं देऊ नका, पुढे काय करायचं ते त्यात असलंच पाहिजे. आणि आकडे मुलासोबत बसून वाचा. आईबाप दोघं वाहक असतील तर मूल आजारी असण्याची 25 टक्के शक्यता ही प्रत्येक गरोदरपणात नव्यानं असते. चार मुलांत एक, असा अर्थ लावून 'आता एक झालं, बाकीची सुटली' म्हणणारी शिकलेली माणसंही मला भेटली आहेत. तसंच तपासणीचं. पहिल्या, सोल्युबिलिटी तपासणीत पॉझिटिव्ह आलं म्हणजे आजारच, असं नाही. वाहक की रुग्ण, ते इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीनंतर कळतं. या दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत घरं उगाच कोसळतात.

एक अपवाद सांगते. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, दिवसातून दहादा अंग चाचपून बघत असेल, डॉक्टरांनी सांगूनही पटत नसेल, तर पुस्तकावरून वाद घालत बसू नका, मदत घ्या. जवळ कोणी नसेल तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, फोन फुकट लागतो.

त्या घरात पुढे वडिलांनी तपासणी करून घेतली. एएस. अहवाल माझ्याकडे आणण्याआधी त्यांनी तो घरी आपल्या आईला वाचून दाखवला होता, मी न सांगता. मुलीचीही तपासणी झाली. तिचा अहवाल काय आला ते मी इथे लिहिणार नाही, तो तिचा आहे. पुस्तक वर्तमानपत्राचं नवं कव्हर घालून शाळेत परत गेलं.

दिवाळीनंतर ती एकटीच भेटायला आली, सायकलवर. थंडीत भावाला पुन्हा कळ आली होती म्हणाली. आई चुलीपाशी, बाबा शेतावर. आजी उठून त्याच्या खाटेपाशी गेली.

"मले वाटलं, आता म्हणते," ती म्हणाली. "तं तिनं इचारलं, पाणी पाजलं का याले?"