बॅटरीवरचा ड्युअल सप्लाय : मधली तार सांभाळा

प्लस, शून्य आणि मायनस असा तीन तारांचा पुरवठा बॅटरीवरून कसा काढायचा, याबद्दल कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांचे प्रश्न यावेळी घेतले आहेत.

प्रश्न : तानपुऱ्याच्या पिझो पिकअपसाठी (कंपनांचा विजेचा सिग्नल करणारी चकती) टीएल०७२ ही ऑपअँप आयसी वापरून प्रीअँप, म्हणजे बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट, करतोय. सर्किटमध्ये +९, ० आणि −९ व्होल्ट दाखवलेत. बॅटरीतून मायनस ९ व्होल्ट येणार कुठून? (शाहूपुरी)

९ व्होल्टच्या दोन चौकोनी बॅटऱ्या आणि त्यांच्या वायरवाल्या क्लिप घ्या. पहिलीची काळी वायर आणि दुसरीची लाल वायर एकत्र पिळून सोल्डर करा. हा जोड म्हणजे तुमचं ग्राउंड. पहिलीची उरलेली लाल वायर +९, दुसरीची उरलेली काळी −९. व्होल्टेज नेहमी कशाच्या तरी तुलनेत मोजतात. इथे शून्य मधल्या जोडाला मानलं, म्हणून खालची बाजू मायनस झाली.

चुका होतात त्या रंगांमुळे. आता तुमच्याकडे दोन काळ्या वायरी आहेत, एक ग्राउंडला गेलेली आणि एक −९ची. −९च्या वायरीवर आत्ताच निळी स्लीव्ह चढवा. मग मल्टिमीटरचा काळा प्रोब मधल्या जोडावर ठेवून दोन्ही टोकं तपासा. नव्या बॅटऱ्यांवर एकीकडे नऊपेक्षा थोडं जास्त आणि दुसरीकडे तेवढंच, पण वजा चिन्हासह दिसलं पाहिजे. हे दिसल्याशिवाय आयसी सॉकेटमध्ये बसवू नका. ८ नंबरच्या पायाला प्लस, ४ नंबरला मायनस.

दोन्ही बाजूंना ग्राउंडपर्यंत १०० मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर लावा. मायनस बाजूच्या कपॅसिटरचा प्लस पाय ग्राउंडला जातो. तो सवयीने उलटा लागतो, म्हणून दोनदा बघा. आयसीच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक हवेतच. पिझोला कमी रेझिस्टन्सचं, म्हणजे जड, इनपुट चालत नाही, त्यामुळे इनपुटपासून ग्राउंडला १ मेगओहमचा रेझिस्टर ठेवा आणि डबा धातूचा घेऊन तो ग्राउंडला जोडा. बॅटरीमुळे मेनच्या सप्लायमधून येणारी १०० हर्ट्झची घरघर जाते, पण उघड्या वायरीने हवेतून पकडलेली गुणगुण तशीच राहते. टीएल०७२ साधारण ३ मिलिअँपिअर खातो, म्हणजे चांगल्या अल्कलाइन जोडीवर शंभर तासांहून जास्त रियाज निघावा.

प्रश्न : शेजारच्या यंत्रमागांमुळे मेनच्या सप्लायमध्ये घरघर येते, म्हणून प्रीअँप बॅटरीवर घेतला. पण दोनपैकी एकच बॅटरी नेहमी आधी उतरते. (इचलकरंजी)

तुमचा एलईडी बहुधा प्लस आणि ग्राउंडच्या मध्ये आहे. त्याचे पाच मिलिअँपिअर एकट्या वरच्या, म्हणजे प्लस बाजूच्या, बॅटरीतून जातात, आणि आयसीपेक्षा तो दिवाच जास्त खातो. एलईडी १० किलोओहममधून थेट +९ आणि −९च्या मध्ये लावा. दीड मिलिअँपिअरमध्ये पेटेल आणि भार दोघींवर सारखा पडेल.

स्विचही तपासा. फक्त प्लसची वायर तोडणारा साधा स्विच असेल, तर स्विच बंद असतानाही मायनस बाजू सर्किटला जोडलेली राहते. सहा पायांचा टॉगल घ्या, म्हणजे दोन्ही टोकं एकाच वेळी तुटतील. ग्राउंड मात्र स्विचमधून नेऊ नका. आणि बदलताना दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी, एकाच जातीच्या घाला.

प्रश्न : १२ व्होल्टच्या एकाच बॅटरीला दोन सारखे रेझिस्टर लावून ±६ करता येईल का? (राजारामपुरी)

येईल, पण मधल्या बिंदूतून करंट घेतला नाही तरच. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावलेत आणि ग्राउंडवरून अवघा १ मिलिअँपिअर गेला, तर तुमचं शून्य ५ व्होल्टने सरकतं. मध्ये ऑपअँपचा बफर (करंट गेला तरी शून्य जागेवर धरणारा) टाका किंवा खास याच कामाची टीएलई२४२६ ही आयसी वापरा. ती २० मिलिअँपिअरपर्यंत सांभाळते. त्याच बॅटरीवर दुसरं उपकरण चालवून ते ऑडिओ केबलने याला जोडू नका. त्याचं ग्राउंड बॅटरीच्या मायनसवर असतं, तुमचं सहा व्होल्ट वर, आणि केबलची जाळी दोन्ही शॉर्ट करते. माझं मत विचाराल तर जागा असेल तिथे दोन बॅटऱ्याच बऱ्या.

प्रश्न : पावसाळ्यात लाइट गेली की भजन थांबतं. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या दोन सीलबंद बॅटऱ्यांवर एलएम१८७५ या पॉवर आयसीचा अँप चालेल का? चार्जिंग कसं करायचं? (पन्हाळा तालुक्यातलं भजनी मंडळ)

चालेल. ±१२ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला साधारण ५ वॉट मिळतील. कार्यक्षम स्पीकर घेतलात तर देवळाच्या सभामंडपाला ते पुरतात. पूर्ण आवाजातही प्रत्येक बॅटरीतून सरासरी अर्ध्या अँपिअरच्या आतच जातो, त्यामुळे रात्रीचं भजन आरामात निघेल. एकही बॅटरी १०.५ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका.

या बॅटऱ्या शॉर्ट झाल्या तर वायर लालभडक होते. म्हणून प्लस आणि मायनस दोन्ही टोकांवर, टर्मिनलच्या अगदी जवळ, २ अँपिअरचा फ्यूज हवा. यातून एक नवा धोका येतो. एकच फ्यूज उडाला, तर अँपचं आउटपुट दुसऱ्या टोकाकडे जाऊन बसतं आणि दहाएक व्होल्ट डीसी सरळ स्पीकरमध्ये शिरून कॉइल जळते. डीसी आला की स्पीकर तोडणारा स्पीकर प्रोटेक्शनचा रिले बोर्ड लावाच, तो ऐच्छिक समजू नका.

चार्जिंगला बसण्याआधी दोन्ही बॅटऱ्यांमधला जोड सोडवा आणि एकेक बॅटरी चार्ज करा. जोड न सोडवता दोन्ही एकदम लावायच्या असतील, तर दोन चार्जरचे मायनस आतून किंवा अर्थमधून एकमेकांना जोडलेले नसल्याची मीटरने खात्री करा. ते जोडलेले असतील, तर वरच्या बॅटरीचा मायनस म्हणजेच मधला बिंदू खालच्या बॅटरीच्या मायनसला चिकटतो आणि खालची बॅटरी थेट शॉर्ट होते. असेच जोडलेल्या लिथियम सेलवर दोन टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल एकाच मोबाइल चार्जरवरून चालवलीत, तरी हेच होतं. मंडळात बॅटऱ्या चार्ज करायचं काम कुणा एकाकडेच सोपवा आणि जोड सोडवण्यासाठी प्लग-सॉकेट बसवा, म्हणजे दरवेळी पाना शोधावा लागणार नाही.