तीन-चार वर्गांना एकच शिक्षक शिकवत असेल तर मुलांच्या वह्या, पेपर, कागदपत्रं यांचा घोळ कसा टाळायचा?

आठवी, नववीच्या दोन तुकड्या आणि दहावी, विषय विज्ञान, स्टाफरूममध्ये वाट्याला एकच कप्पा, आणि कुणाची वही कुठे गेली याचा पत्ता नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझी वाटणी जवळपास हीच आहे. मी नागपुरात एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून इथे चालतं ते सांगतो.

फाईली, रंगीत फोल्डर, लेबलं हे सगळं नंतर. घोळ होतो तो वह्या गोळा करताना. पोट्टे उठून टेबलाभोवती गर्दी करतात, ढीग पडतो, तेवढ्यात घंटा होते आणि आपण तो ढीग काखोटीला मारून पुढच्या तुकडीत शिरतो. तिथे दुसरा ढीग तयारच असतो. मग रात्री जेवणं झाल्यावर कोणाची वही आली नाही हे शोधायला यादी घेऊन बसायचं. चार तुकड्यांचं असं झालं की तपासण्यापेक्षा लावण्यातच जास्त वेळ जातो.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. वही किंवा कागद तुमच्या हातात येईल तेव्हा तो हजेरी क्रमांकाने लावलेला असला पाहिजे, आणि लावायचं काम मुलांचं.

प्रत्येक वहीवर, सुट्या पानावर, प्रकल्पाच्या फाईलवर उजव्या कोपऱ्यात वर तुकडी आणि हजेरी क्रमांक ठळक लिहायचा: ९ब / २७. नाव त्याखाली, लहान असलं तरी चालेल. एका तुकडीत तीन साहिल असू शकतात, २७ नंबर एकच असतो. जुलैत प्रवेश चालू असतात तोवर क्रमांक हलतात, तेव्हा वर्गशिक्षकांनी कॅटलॉग, म्हणजे हजेरीपट, पक्का करेपर्यंत पेन्सिलने लिहायला सांगा.

मग वर्गाचे दहा-दहाचे गट पाडायचे, १ ते १०, ११ ते २० असे. प्रत्येक गटाला एक मूल नेमायचं. हुशारच पाहिजे असं नाही, उलट मागच्या बाकावरचं चुळबुळं पोरगं या कामात फार चोख निघतं. त्याने आपल्या दहा वह्या क्रमाने लावायच्या, वर एक चिठ्ठी ठेवायची आणि रबर लावून द्यायचं. चिठ्ठीवर एवढंच: "९ब, ११ ते २०, नाही: १४, १९." तास संपायच्या पाच मिनिटं आधी हे सुरू करा, घंटा झाल्यावर नाही. सुरुवातीला गोंधळ होतो. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, पोळ्यापर्यंत मुलांच्या हाताला वळण लागलेलं असतं.

या चिठ्ठीचा आणखी एक फायदा. आठवड्याने १४ नंबर उभा राहून म्हणतो, "सर, मी तं देली होती ना जी!" आपण चिठ्ठी दाखवायची. ती त्याच्याच मित्राच्या अक्षरातली असते, त्यामुळे वाद तिथेच संपतो. वर्षभराच्या चिठ्ठ्या मी त्या-त्या तुकडीच्या गुणनोंद वहीत मागच्या पानाला चिकटवून ठेवतो. पालक भेटायला आले की कामी येतात.

दुसरं, सगळ्या तुकड्यांच्या वह्या एकाच दिवशी मागवू नका. प्रत्येक तुकडीचा वार ठरवून द्या. आणि घरी असो की शाळेत, एका टेबलावर एका वेळी एकाच तुकडीचा गठ्ठा उघडायचा. दुसरा उघडायचा असेल तर पहिला बांधून पिशवीत.

परीक्षेच्या पेपरांना थोडी जास्त काळजी लागते, कारण नववी-दहावीला विज्ञान भाग १ आणि भाग २ असे ४०-४० गुणांचे दोन वेगळे पेपर असतात. त्याच मुलाचे दोन पेपर, दोन दिवशी, आणि दोन्ही वरून सारखेच दिसतात. गठ्ठ्यावर भाग कोणता ते मोठ्या अक्षरात लिहा. पुरवणीवरही हजेरी क्रमांक लिहून घ्या, दोरा सुटला की पुरवणी अनाथ होते. ऑफिसमधून गठ्ठा घेताना तिथेच उभं राहून पेपर मोजायचे, मग सही. परत देताना पुन्हा मोजायचे.

आणि कूलर! दुसऱ्या सत्राचे पेपर आपण एप्रिलमध्ये तपासतो. त्या दिवसांत नागपुरात कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलरसमोर सुटा कागद ठेवता येत नाही. उडतो तो उडतोच, वर ओल्या हवेने पान मऊ पडतं आणि जेल पेनची शाई पसरते. टेबल कूलरच्या झोतातून बाजूला घ्या, आणि दहा-दहाच्या गठ्ठ्याला मोठी क्लिप लावून पानं उलटत तपासा. एक पेपर सुटा काढून तपासायची सवय मार्च संपताना सोडून द्यायची.

आठवीचा हिशेब वेगळा. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानुसार तिथे आकारिक, म्हणजे सत्रभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाचे, ४० गुण आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे, ६०. आकारिकच्या नावाखाली आपण प्रत्येक तक्ता, प्रत्येक चिठोरा जपून ठेवतो, ते मला पटत नाही. एका रजिस्टरमध्ये मुलामागे एक पान ठेवा, तेही हजेरी क्रमांकानेच, आणि काही दिसलं त्याच दिवशी एक ओळ लिहा: "लिटमस प्रयोग स्वतः मांडला, निष्कर्ष चुकला." सत्राच्या शेवटी वर्णनात्मक नोंदी करायला एवढं पुरतं. नाहीतर वर्गातली सगळीच मुलं "प्रयोगात रस घेतो" होऊन जातात. लेखी परीक्षेच्या उत्तरपत्रिका मात्र नीट ठेवा. २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, नाही झालं तर पुनर्परीक्षा असते, आणि त्या वेळी पालक पेपर दाखवा म्हणणारच.

दहावीच्या प्रात्यक्षिकाच्या २० गुणांची यादी ऑफिसला देण्याआधी एक झेरॉक्स आपल्याकडे.

आधारची झेरॉक्स, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा फॉर्म, रजेचा अर्ज, हे सगळं मुलं समोर दिसेल त्या शिक्षकाच्या हातात कोंबतात. तुम्ही विषयशिक्षक असाल तर घेऊच नका, सरळ वर्गशिक्षकांकडे पाठवा. स्वतः वर्गशिक्षक असाल तर त्याच दिवशी ऑफिसात द्या आणि नोंदवहीत क्लार्कची सही घ्या. मूळ दाखला पाहायचा आणि तिथल्या तिथे परत करायचा, एक रात्रसुद्धा आपल्या कप्प्यात नको.

आता फाईली. तुकडीमागे एक बटनवाली प्लास्टिक फाईल, प्रत्येकीचा रंग वेगळा, नागपुरात बर्डीच्या बाजारात कुठेही मिळते. घाऊक हव्या असतील तर गांधीबागेत जा. यापेक्षा जास्त सामान घेतलंत तर तेच सांभाळत बसाल.

वर्ष संपताना प्रकल्प मुलांना परत द्या, उत्तरपत्रिका मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय रद्दीत घालू नका. नाव आणि गुण लिहिलेला कागद तर्रीपोह्याच्या टपरीवर प्लेटखाली निघाला तर त्या पोराला काय वाटेल!

तुमच्या वर्गात मुलं क्रमांकाने बसत नसतील आणि दहाचे गट जमवणं अवघड जात असेल, तर बाकांच्या रांगेप्रमाणे गोळा करा, पण प्रत्येक रांगेची चिठ्ठी घ्याच. क्रम मग फळ्याजवळ दोन मुलांना लावायला लावा. मधल्या सुट्टीआधीचा तास असेल तर हे काम मुलं आनंदाने करतात, शेवटच्या तासाला मात्र कुणी थांबत नाही.