वाचक विचारतात : गाडी हवेत पळते, फरशीवर अडते

मागच्या अंकात मी लेगोच्या प्लॅस्टिकच्या विटांची मोटरवाली स्पोर्ट्स कार बांधल्याबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. मला वाटायचं हे खूळ अख्ख्या नाशकात माझं एकट्याचंच, पण आपल्याकडे अंबड-सातपूरच्या कारखान्यांमुळे घरटी एक माणूस मशीन शॉपमधला, त्यामुळे आता वाटतंय की घरटी एक गाडीही असावी. मी स्वतः ३१ वर्षं गिअर कटिंगवर काढलीत, दात्यांचा विषय निघाला की मी थांबत नाही, म्हणून संपादकांनी आधीच बजावलंय की काका पानं दोनच आहेत.

काका, मी आणि माझा आठवीतला मुलगा मिळून स्वतःच्या डिझाइनची स्पोर्ट्स कार बांधतोय. वजन साधारण दोन किलो, मागे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच), दोन एल मोटर, टायर ८ सेंटिमीटरचे. स्पीड मिळावा म्हणून मोटरवर २० दातांचा गिअर आणि पुढे १२ चा लावलाय. हातात उचलून धरली की चाकं भन्नाट फिरतात, फरशीवर ठेवली की मागून कटकट आवाज येतो आणि गाडी जागची हलत नाही. त्याहून मोठी एक्सएल मोटर घेऊ का? – एक वाचक, इंदिरानगर

भाऊ, मोटर अजिबात घेऊ नका. खिशात हात घालायच्या आधी दोन्ही मोटर काढून बाजूला ठेवा, गाडी फरशीवर ठेवा आणि एका बोटाने ढकला. हातभर तरी स्वतःहून गेली पाहिजे. तुमची जाणार नाही, मी इथे बसून सांगतो. मोटरचा अर्धा दम गाडीच्या आतच घासण्यात चाललाय आणि तिथे एक्सएल लावली तर ती एवढंच करेल की जे आज कटकट करतंय ते उद्या तोडेल.

घासतंय कुठे ते बघू. माझ्या पहिल्या गाडीत मी तीन संध्याकाळ डोकं धरून बसलो होतो आणि दोष निघाला बुशमध्ये, म्हणजे ॲक्सलवर बसणाऱ्या छोट्या कडीत. ॲक्सल सरकू नये म्हणून आपण बुश बीमला (भोकांच्या पट्टीला) अगदी अंगठ्याने दाबून बसवतो, घट्ट म्हणजे चांगलं ही आपली फिटरची खोड, पण इथे बुश आणि बीम एकमेकांना घासले की तोच ब्रेक होतो, आणि असे सहा-आठ बुश म्हणजे सहा-आठ ब्रेक लावून गाडी चालवायची. मी घरातली एक जुनी लग्नपत्रिका घेतली, तिचा कागद मध्ये सरकेल एवढी फट प्रत्येक बुशला ठेवली, बास. त्याच गाडीने त्याच मोटरवर हॉल ओलांडला.

दुसरं म्हणजे पिना तपासा. काळी पिन मुद्दाम घट्ट केलेली असते, ती जोडायला. जिथे काही फिरायचंय तिथे राखाडी नाहीतर फिकट बदामी रंगाची गुळगुळीत पिन लागते. मुलं हाताला येईल ती पिन लावतात, मोठी माणसंही लावतात, असो.

आता तो कटकट आवाज. तो दाता दात्यावरून उडी मारतोय. हवेत उडी मारत नाही कारण हवेत चाकावर लोड नाही. फरशीवर दोन किलो वजन आलं की मधली फ्रेम एवढीशी वाकते, डोळ्याला दिसतही नाही, पण काटकोनात बसवलेले ते बेव्हल गिअर एकमेकांपासून लांब व्हायला तेवढं पुरतं. डिफरन्शियलभोवती ५ बाय ७ ची एकसंध चौकट येते ती लावा, आणि प्रत्येक गिअरच्या ॲक्सलला दोन्ही बाजूंनी आधार द्या, एका बाजूला लटकता ठेवू नका. मग गाडी उलटी करून दोन्ही हातांनी पिळून बघा, ओला टॉवेल पिळतो तशी. पिळली गेली तर अजून बीम आडवे घाला.

आणि ते २० वर १२. अहो तुम्ही कसारा घाट टॉप गिअरला चढायला निघालात! हिशोब करू. नुसत्या बॅटरीवर, लोड नसताना एल मोटर मिनिटाला अंदाजे ३९० फेरे मारते. ८ सेंटिमीटरच्या टायरचा एक फेरा म्हणजे २५ सेंटिमीटर. पुढे डिफरन्शियलला काहीच कमी-जास्त होत नाही असं धरलं तरी तुमच्या जोडीने कागदावर ताशी ९-१० किलोमीटर निघतात, पण ताकद राहते ६० टक्के. हेच उलटं करा, मोटरवर १२ आणि पुढे २०, की स्पीड ताशी साडेतीनच्या आसपास येतो, म्हणजे माणूस गोदाघाटावर रमतगमत चालतो तेवढा, आणि चाकावरची ताकद आधीच्या पावणेतीन पट होते. दोन किलोच्या गाडीला हे शोभतं. शक्यतो हा रेशो (दात्यांचं हे प्रमाण) चाकाच्या जवळ घ्या, मोटरजवळ नको. मधला लांब शाफ्ट जोरात फिरू द्या पण त्याच्यावर पीळ कमी येऊ द्या, नाहीतर प्लॅस्टिकचा ॲक्सल जिलबीसारखा वळतो, माझ्याकडे असे दोन वळलेले ठेवलेत, कोणी आलं की दाखवतो.

एक राहिलंच. दोन मोटर समोरासमोर तोंड करून एकाच शाफ्टला लावल्यात का? तसं असेल तर एका मोटरची दिशा उलटी केली पाहिजे, नाहीतर दोन बैल एकमेकांविरुद्ध ओढतायत आणि शेतकरी विचारतोय नांगर का हलेना.

मोठ्या मोटरचं वेड सगळ्यांनाच असतं म्हणून सांगतो. २०१८ मध्ये लेगोवाल्यांनी खऱ्या मापाची बुगाटी शिरॉन बांधली, दहा लाखांहून जास्त तुकडे, वजन दीड टन, त्यात याच खेळण्यातल्या २,३०४ मोटर आणि ४,०३२ गिअर. एवढं करून ताकद किती, तर हिशोबाने ५.३ हॉर्सपॉवर. आपल्या स्प्लेंडरला ८ च्या आसपास असते. तरी ती गाडी माणूस बसवून ताशी २० च्या वर पळाली. दोन हजार मोटरींनी एकमेकींशी न भांडता चालणं हे खरं काम होतं बघा, मला ते हॉर्सपॉवरपेक्षा भारी वाटतं.

चार्जिंगचे सेल टाकले की गाडी मंद होते, सेल खराब निघाले का? – पंचवटी

नाही हो. साधा अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा, सहा टाकले की ९. चार्जिंगचा निकेलवाला सेल १.२ चा, सहाचे होतात ७.२. मंद होणारच. पण तो शेवटपर्यंत बऱ्यापैकी एकसारखा चालतो आणि दर आठवड्याला सेलचं पाकीट आणायला लागत नाही. मी रोजच्या खेळाला चार्जिंगचेच वापरतो, पाहुण्यांसमोर फुशारकी मारायची असेल तर अल्कलाइन.

बाहेरच्या देशात राहणारा भाऊ म्हणतो तिकडे हेच सेट बरेच स्वस्त आहेत. आपल्याकडे एवढे महाग का? आणि मेन रोडला कॉपीच्या विटा मिळतात त्या घेतल्या तर चालतील का? – गंगापूर रोड

महाग असण्यात मोठा वाटा आयात शुल्काचा. २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरचं शुल्क २० टक्क्यांवरून ६० केलं आणि २०२३ मध्ये ७०. त्यामुळे ३,५०० तुकड्यांचा सेट घ्यायचा तर माणूस आधी घरच्यांचा मूड बघतो. भाऊ दिवाळीला येत असेल तर बॅगेत जागा ठेवायला सांगा, पण खोका नाही, नुसत्या पिशव्या आणि पुस्तिका. खोक्यात निम्मी हवाच असते.

कॉपीबद्दल. ज्या विटेचं पेटंट १९५८ सालचं, त्याची मुदत कधीच संपली, त्यामुळे जुळणाऱ्या विटा कोणीही बनवू शकतो, त्यात चोरी नाही. चोरी होते ती दुसऱ्याचं नाव नाहीतर अख्खं मॉडेल जसंच्या तसं उचललं की. मला स्वतःला विचाराल तर बॉडीला, दरवाज्यांना, स्पॉयलरला कॉपी चालवून घेतो. गिअर आणि ॲक्सलला नाही. भोकापासून भोक ८ मिलिमीटर, भोकाचा व्यास ४.८, हे माप मी व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावून तपासलंय. मी एकदा स्वस्तातले बीम आणले होते, एकटा बीम मोजला तर ठीक, पण १५ भोकांचे तीन बीम सलग जोडले की शेवटच्या भोकात पिन जाईना. थोडं थोडं चुकत गेलं की शेवटी मोठं चुकतं, हे आमच्या टूलरूममध्ये अप्रेंटिसला पहिल्याच आठवड्यात सांगायचे. आणि खेळण्यावर आयएसआय मार्क बघून घ्या, २०२१ पासून तो सक्तीचा आहे, घरात लहान मूल असेल तर नक्कीच.

जुन्या पॉवर फंक्शन्सच्या (लेगोच्या आधीच्या मोटर-बॅटरी मालिकेच्या) मोटर माझ्याकडे आहेत, नवीन ब्लूटूथ हबला लागतील का? – नाशिक रोड

सरळ नाही लागणार, प्लगच वेगळा आहे. एकतर सगळं जुनं ठेवा नाहीतर सगळं नवीन. नव्यात फोनवरून चालवता येते हे खरं, पण घरातला फोन गाडीला दिला की गाडी ऐन वळणावर असताना आत्याचा कॉल येतो.

सर, मी डिप्लोमाला आहे. स्टीअरिंग सरळ केल्यावरही माझी कार एका बाजूला ओढते. – सिडको

सर नको, काका म्हण. स्टीअरिंगची मोटर सर्वो आहे ना? ती दोन्हीकडे ९० अंश जाते आणि सोडली की मध्यावर परत येते. पण मध्यावर सर्वो येते, चाक येतंच असं नाही. बॅटरी चालू करून सर्वो मध्यावर आणायची आणि मगच रॅकचा (सरळ दातेरी पट्टीचा) पिनियन, म्हणजे तिच्यावर फिरणारा छोटा गिअर, बसवायचा. बहुतेक पोरं आधी पिनियन बसवतात आणि नंतर बॅटरी चालू करतात, मग एक दाता इकडे नाहीतर तिकडे. ते करूनही ओढली तर पुढचं चाक हातात धरून हलव. प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, किती आहे? सांधे जितके जास्त तितका प्ले जास्त, त्यामुळे सर्वो आणि रॅकमधले गिअर कमी कर, जमलं तर थेट लाव. आणि मागचं डिफरन्शियल जाम नाही ना तेवढं बघ, वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं, ते जाम असेल तर गाडी सरळच जायला बघते आणि आपण बिचाऱ्या सर्वोला शिव्या देतो.

आमच्या ह्यांना रिटायर झाल्यावर हे वेड लागलंय. तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर पसारा आहे, आम्ही खाली बसून जेवतो. मागच्या रविवारी एक काळी पिन चिवड्यात निघाली. काहीतरी सांगा त्यांना. – कॉलेज रोड

ताई, मी कुठल्या तोंडाने सांगू. आमच्याकडे केरसुणीत निघायच्या.

तरी एक उपाय सांगतो, आमच्या घरात त्याने शांतता आहे. ह्यांना एक मोठी परात द्या, पीठ मळायची जुनी असेल ती. काम परातीतच करायचं, काठ असल्यामुळे पिना घरंगळत नाहीत आणि जेवायची वेळ झाली की परात उचलून कपाटावर. सुट्या भागांना झाकणाचे डबे, रंगाप्रमाणे नाही, आकाराप्रमाणे, कारण काळ्या ढिगात काळी पिन शोधायला माणसाला अर्धा तास लागतो आणि चिडचिड घरच्यांवर निघते.

गाडी पूर्ण झाली की ठेवायची कुठे हे मात्र आत्ताच ठरवा. वर म्हटलेल्या साडेतीन हजार तुकड्यांच्या सेटमधली खेळण्यातली बुगाटी ५६ सेंटिमीटर लांब आणि २५ रुंद होते. खिडकीत नको, उन्हाने पांढऱ्या विटा पिवळ्या पडतात. टीव्हीच्या कपाटात ठेवणार असाल तर आधी खोली मोजून घ्या. आम्ही मोजली नव्हती. माझ्या गाडीचा पुढचा बंपर कपाटाच्या चांगला दहा सेंटिमीटर बाहेर येतो आणि काकू रोज त्याच्यावर फडकं वाळत घालते.