शाश्वत उत्पादन-उपभोगात पीएच.डी. करायची आहे, इंदूरला राहून आधी काय शिकू?

सॉफ्टवेअर नंतर. आधी 'जीवनचक्र मूल्यांकन', म्हणजे एखादी वस्तू बनण्यापासून कचऱ्यात जाईपर्यंत पर्यावरणावर किती भार टाकते याचा हिशोब, हाताने कागदावर करून बघ. आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही त्याची आंतरराष्ट्रीय मानकं. रुक्ष आहेत, पण वाचावीच लागतात.

सराफा किंवा छप्पन दुकान या खाऊगल्ल्यांत पोहे खाताना विचार कर: कागदी प्लेट बरी की स्टीलची? 'एक प्लेट विरुद्ध एक प्लेट' अशी तुलना केलीस की फसलीस. तुलनेचं एकक घ्यायचं 'हजार वेळा पोहे वाढणे'. मग कागदीच्या हजार प्लेटा, त्यावरचा प्लास्टिकचा थर, कचऱ्याची गाडी, सगळं मोजावं लागतं. स्टीलची मात्र एकच, पण हजार वेळा विसळायची. पाणी किती, साबण किती, गरम पाणी की गार? उत्तर बरेचदा त्या विसळण्यावरच फिरतं. पोहेवाल्याच्या बादलीशेजारी तासभर उभी राहून मोज. माझं पहिलं सहामाही सत्र तयार आकडे गोळा करण्यात गेलं आणि ते निघाले परदेशातल्या डिशवॉशरचे!

मग ओपनएलसीए हे या हिशोबाचं सॉफ्टवेअर शिक, फुकट आहे. आणि इंदूरमधल्या देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प बघून ये, तिथे ओल्या कचऱ्यापासून इंधन-वायू बनतो: २०२२ साली सुरू झाला, तेव्हाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची. तिथे जाऊन 'हिशोबाची हद्द कुठे आखायची' हा प्रश्न स्वतःला विचार. घरातल्या डब्यापासून, की प्रकल्पाच्या फाटकापासून?

उपभोगाची बाजू, म्हणजे लोक काय आणि का वापरतात, ही मुलाखतींतून कळते, म्हणून थोडं समाजशास्त्रही लागेल. शिष्यवृत्तीसाठी नेट ही राष्ट्रीय परीक्षा दे आणि त्यातली जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) मिळव. २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोल, एवढं मात्र टाळू नकोस.