आधी थांबवायला शिक

पोरी,

तुझा मेसेज वाचला. ‘काका, यातली कुठली घेऊ?’ एवढंच विचारलंयस आणि खाली तीन मोटरसायकलींचे फोटो: एक साडेतीनशे सीसीची, एक दोनशेची, एक सव्वाशेची. फोनवर दोन वाक्यांत उरकलं असतं, पण फोन ठेवल्यावर तू परत त्या साडेतीनशेच्या फोटोकडेच बघत बसली असतीस. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. पप्पांनाही वाचायला दे. त्यांना खात्री आहे की मी तुला ‘स्कूटीच बरी’ म्हणून सांगणार. तसं मी सांगणार नाही. कोरेगावातून साताऱ्याच्या एमआयडीसीत रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात. पावसाळ्यानंतर त्या रस्त्याचं काय होतं ते तुला माहीत आहेच. स्कूटीचं दहा-बारा इंची चाक खड्ड्यात आत जातं, मोटरसायकलचं सतरा-अठरा इंची त्याच्यावरून निघून जातं. तेव्हा गिअरचीच गाडी घे. फक्त कुठली, ते ठरवायची पद्धत बदल.

सगळे विचारतात पळते कशी, पिकअप कसा आहे, ॲव्हरेज किती देते. आजकालची कुठलीही गाडी तुला हवी त्याच्यापेक्षा जास्तच पळते. नवख्या माणसाची गाडी पळताना पडत नाही, बहुतेक वेळा थांबताना नाहीतर थांबल्यावर पडते. सिग्नलला, वळून पार्क करताना, पेट्रोल पंपावरच्या उतारावर. म्हणून शोरूममध्ये गेलीस की आधी सीटवर बस आणि दोन्ही पाय एकदम जमिनीला टेकव. चवडे नीट टेकले पाहिजेत. एका बाजूला वाकून एकच पाय टेकत असेल तर ती गाडी तुझी नाही, सेल्समन काहीही म्हणो. मग खाली उतर, हँडल पूर्ण एका बाजूला वळव आणि गाडी ढकलत मागे घे. शोरूमची फरशी गुळगुळीत असते, तिथे सगळंच सोपं वाटतं. बाहेर रस्त्याकडेच्या खडीत घेऊन दाखवा म्हण. मोटरसायकलला रिव्हर्स गिअर नसतो, हे घेईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. कंपनीच्या पार्किंगमध्ये उताराकडे तोंड करून लावलेली गाडी संध्याकाळी तुलाच मागे ओढायची आहे.

आता वजनाचा हिशोब बघ. शंभर सीसीची स्प्लेंडर भरते साधारण 112 किलो. सव्वाशेच्या गाड्या 115 ते 125 च्या घरात. तुझ्या फोटोतली साडेतीनशेची मॉडेलप्रमाणे 180 ते 195 किलो. गाडी वाईट नाही. उलट इंजिन शांत, कमी वेगातही कुरकुरत नाही. पण 195 किलो एकदा कलले की मनगटाच्या जोरावर सावरत नाहीत, आणि सुरुवातीच्या दिवसांत गाडी कलणारच. दोनशेची ती केशरीवाली हलकी आहे, पण सीट उंच आणि मूठ जरा पिळली की अंगावर येते. मूठ कशी धरायची हे अजून हाताला ठाऊक नसताना ती नको. माझं मत विचारशील तर सव्वाशेची, पुढे डिस्क ब्रेक असलेली. दोन-चार वर्षं चालव, मग साडेतीनशे घे, मी स्वतः येईन घ्यायला.

ब्रेकचं जरा नीट वाच, कारण तू स्कूटीवरून येतेयस आणि खरी गोम तिथेच आहे. स्कूटीला दोन्ही ब्रेक हातात. एवढ्या वर्षांत तुझ्या डाव्या हाताला पक्की सवय लागली आहे: कुत्रं आडवं आलं की आवळ. मोटरसायकलवर डाव्या हातात क्लच असतो. घाबरून तो आवळलास की गाडी थांबत तर नाहीच, उलट इंजिनपासून सुटते आणि मोकळी पुढे जाते. इंजिनाचा जो थोडा अटकाव मिळत होता तोही जातो. गॅरेजमध्ये हँडल वाकलेल्या, इंडिकेटर तुटलेल्या ज्या गाड्या येतात, त्यांत स्कूटीवरून नव्यानेच गिअरवर आलेली मंडळी बरीच असतात. ‘ब्रेक लागलाच नाही काका’ म्हणतात. ब्रेक ठणठणीत असतो.

ही सवय मोडायला रस्त्यावर जाऊ नकोस. रविवारी शाळेचं मैदान रिकामं असतं, तिथे जा. पहिल्या दिवशी मूठ पिळायचीच नाही. पहिला गिअर टाक, क्लच अगदी हळू सोड. एका जागी इंजिनाचा आवाज जरासा बसतो आणि गाडी पुढे सरकायला बघते. तिथेच बोटं थांबव. हा हाफ क्लच. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, नुसत्या हाफ क्लचवर चालत चालत मैदानाला फेरी मार. कंटाळवाणं आहे, पण घाटात मागे एसटी हॉर्न मारत असताना चढावर गाडी उचलायची वेळ येईल तेव्हा हेच कामाला येतं.

मग ब्रेक. मैदानात चुन्याची एक रेघ मार. वीस-पंचवीसच्या वेगाने ये आणि रेघेवर दोन्ही ब्रेक एकत्र लाव. पायाचा दाब आणि उजव्या हाताचा दाब सोबत सुरू व्हायला हवा. हाताचा ब्रेक एकदम खेचायचा नाही, दाब वाढवत न्यायचा. गाडी थांबता थांबता शेवटी क्लच, नाहीतर इंजिन बंद पडेल. पडलं तर पडू दे, मैदानात कोण बघतंय. पुढचा ब्रेक लावू नकोस, पालथी पडशील, असं तुला शेजारीपाजारी सगळे सांगतील. ऐकू नकोस. ब्रेक लागला की वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं आणि नुसत्या मागच्या ब्रेकवर ते घसरत जातं. गाडी खरी थांबवतो पुढचाच ब्रेक. फक्त हँडल सरळ असताना लाव, वळलेल्या हँडलवर किंवा खडीत नाही. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं आणि 125 पर्यंतच्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. पण सुट्ट्या खडीवर एबीएसची गाडी थांबायला जास्तच जागा घेते, त्यामुळे त्याच्या भरवशावर अंतर कमी ठेवायचं नाही. 60 च्या वेगात गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. पुढच्याचा लाल दिवा दिसून तुझा हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर अख्ख्या एसटीच्या लांबीपेक्षा जास्त अंतर ब्रेक न लागताच संपलं.

अजून एक. मागून कुणाची स्प्लेंडर चालवलीस तर गिअर नीट विचारून घे. तिचे चारही गिअर पुढे, खाली दाबून पडतात. पाच गिअरच्या बऱ्याच गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. घाईत उलट पडला की मागचं चाक किंचाळतं.

सेकंडहँड घ्यावी का, असं पप्पा विचारत होते. घ्यावी, माझा विरोध नाही. पण 22 सप्टेंबर 2025 पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे नवी आणि वर्ष-दोन वर्षं वापरलेली यांतलं अंतर पूर्वीइतकं राहिलेलं नाही. मालक जुन्याच भावाला चिकटून असेल तर सोडून दे. बघायला जायचं तर सकाळी जा आणि आधी फोन करून सांग, गाडी चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या इंजिनाला हात लाव. गरम लागलं तर समज, थंड असताना ती चालू व्हायला कुरकुर करते. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या स्टार्टरला उठलं पाहिजे आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येता कामा नये. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, म्हणजे रिंग-पिस्टनचा खर्च. मग मेन स्टँडवर घे, पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल अगदी हळू डावी-उजवीकडे फिरव. मधोमध कुठे अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. चिमट्यावर, म्हणजे पुढच्या शॉकॲब्सॉर्बरवर, ऑइलचे ओघळ, एकाच बाजूच्या फूटरेस्टचं घासलेलं टोक, नवाकोरा इंडिकेटर फक्त डावीकडचा: ही पडलेली गाडी. पडलेली असणं हा काही गुन्हा नाही, पण भाव त्याप्रमाणे व्हायला हवा. चेसिस नंबर आरसीशी जुळव, फायनान्सचा बोजा उतरवलाय का बघ, चलनं भरली आहेत का बघ. गाडी एमएच-10 किंवा 50 ची असली तरी काही बिघडत नाही, सांगली-कराड काही लांब नाही, पण नावावर होईपर्यंत सगळे पैसे देऊ नकोस.

हेल्मेटला पैसे वाचवू नकोस. टेप घे, भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोज आणि त्या मापाचं, आयएसआय मार्क असलेलं, तोंड झाकणारं घे. नवं असताना गालांना घट्ट बसलं पाहिजे. पट्टा लावून मागून वर ढकललं आणि निघून आलं, तर ते हेल्मेट टोपीच्या लायकीचं. काच पांढरी घे. संध्याकाळी सुटणाऱ्यांनी काळी काच लावू नये. आणि ओढणी पिशवीत. साडी गार्ड असलं तरी वाऱ्याने मागे गेलेलं टोक चाकात जायला वेळ लागत नाही, हा प्रकार मी इतक्या जवळून बघितलाय की यावर वाद घालू नकोस.

तुझ्या रस्त्याचं सांगतो. उन्हाळ्यात काही नाही. पहिल्या पावसात मात्र रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, तेव्हाचे दोन दिवस जास्त घसरडे, जोरदार पावसापेक्षाही. पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक लावायचा नाही. माहुलीच्या पुलावर वारा आडवा लागतो, हँडल सैल पण हातात ठेव, आवळून धरू नकोस. हंगाम सुरू झाला की दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ऊस. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर येते, आणि दव पडलं की ती साबणासारखी. त्याहून वाईट म्हणजे अंधारात दोन ट्रॉल्या ओढत जाणारा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. समोरून गाडी आली की तिच्या उजेडात तुला काहीच दिसत नाही, आणि नेमका त्याच टप्प्यात उसाचा भारा उभा असतो. समोरचा डिपर देत नसेल तर वेग उतरव, डाव्या कडेकडे बघ, दिव्याकडे बघू नकोस. दुसरी पाळी असेल त्या महिन्यांत कंपनीच्या बसने जा. त्यात कमीपणा काही नाही. बॉम्बे रेस्टॉरंटच्या चौकात हायवेवरून उतरणारे थांबतात असं धरून चालू नकोस.

कास पठाराचं विचारलं नाहीस, पण मनात आहे हे मला कळतं. फुलं सप्टेंबरात, तेव्हाच यवतेश्वरच्या घाटात धुकं आणि गर्दी. या वर्षी कुणाच्या तरी चारचाकीतून जा. पुढच्या वर्षी जाशील तेव्हा चढायची काळजी करू नकोस, गाडी चढते. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर, इंजिनच गाडी धरून ठेवेल. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे भेटतील. सतत ब्रेक दाबून ड्रम तापतो आणि खालच्या वळणांवर ब्रेक नुसता आत जातो. वेग वळणाच्या आधी उतरव, वळणात नाही, आणि नजर वळणाच्या पलीकडे ठेव, दरीकडे नाही. पुण्याला गाडीवर जायचं वर्षभर डोक्यातही आणू नकोस, एसटी आहे.

पडलीस तर गाडी उचलायची पद्धत आहे. आधी इंजिन बंद, गिअरमध्ये. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेव. गाडीकडे पाठ कर, कंबर सीटला टेकव, एक हात हँडलला, दुसरा मागच्या ग्रॅबरेलला, आणि कंबरेने नाही, मांड्यांच्या जोराने मागे मागे चालत ये. सव्वाशेची अशी एकटीने उठते. साडेतीनशेची उठते का ते शोरूममध्ये विचारून बघ.

शेवटी कागदाचं. तुझ्याकडे विनागिअरचं लायसन्स आहे, त्यावर गिअरची गाडी चालत नाही. कच्चं लायसन्स काढ, ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवस झाल्यावर पक्क्याची टेस्ट देता येते. तोवर पुढे-मागे लाल ‘एल’ लाव. मागे बसवायचं तर पक्कं लायसन्स असलेला शिकवणाराच, मैत्रीण नाही. नव्या गाडीचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम येतो, पण तुझ्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. तो पुढच्या वर्षी भरायला लोक विसरतात.

कच्चं लायसन्स हातात आलं की मला कळव. गॅरेजची जुनी गाडी महिनाभर शिकायला ने, तिला लेगगार्ड आहे आणि टाकीवर आधीच पोचे आहेत. पेट्रोल मात्र तू टाकायचं. मैदानात पहिल्या रविवारी मी येतो, चुन्याची पिशवी तेवढी घेऊन ये.

तुझा,
गॅरेजवाला काका