कॅश लावण्याआधी त्या टेबलात कोण कोण लिहितं ते मोजा

परभणीच्या मित्राचा प्रश्न थोडक्यात असा: तीन कृषी सेवा केंद्रांचं बिलिंग एकाच सॉफ्टवेअरवर चालतं. जावातलं स्प्रिंग बूट, जावाचे ऑब्जेक्ट आणि डेटाबेसची टेबलं यांची सांगड घालणारं हायबरनेट, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि दोन सर्व्हर. मालाच्या यादीचं पान उघडायला आठ-नऊ सेकंद लागायचे, म्हणून ईएचकॅश ही कॅशची, म्हणजे एकदा वाचलेल्या डेटाची प्रत मेमरीत ठेवणारी, लायब्ररी घेऊन ओळींच्या प्रती ठेवणारी सेकंड लेव्हल कॅश आणि क्वेरींचे निकाल ठेवणारी क्वेरी कॅश दोन्ही चालू केल्या. पान काही हललं नाही. उलट डीएपीचा साठा एकदा १२ बॅगा दिसतो, रिफ्रेश केलं की ४०, परत केलं की १२. आता रेडिस, म्हणजे वेगळ्या सर्व्हरवर चालणारी सामाईक कॅश, आणू का?

रेडिस नको, निदान आत्ता तरी. दुखणी दोन आहेत आणि तुम्ही दोन्हींवर एकच गोळी दिलीय.

आधी १२ आणि ४० चा घोळ. ईएचकॅश साध्या पद्धतीनं लावली, की ती प्रत्येक सर्व्हरच्या स्वतःच्या मेमरीत बसते. पहिल्या सर्व्हरवर बिल झालं की तिथली प्रत बदलते, दुसऱ्याला कुणी कळवत नाही. लोड बॅलन्सर, म्हणजे आलेलं काम दोन सर्व्हरांत वाटणारा, तुम्हाला कधी इकडे पाठवतो, कधी तिकडे. मोंढ्यात एका आडतीच्या फळ्यावर आजचा भाव आणि शेजारच्या फळ्यावर कालचा, असं झालं की शेतकरी कुणाशी भांडणार? डेटाबेसमध्ये आकडा बरोबरच असेल, बघून घ्या.

आता हळू पान. एसक्यूएलचा लॉग चालू करा, पान एकदाच उघडा आणि ओळी मोजा. मी पैजेवर सांगतो, मालाच्या यादीची एक क्वेरी दिसेल आणि तिच्या खाली प्रत्येक मालाच्या लॉटसाठी एकेक. खतं, बियाणं, औषधं मिळून ४०० माल असतील तर ४०० क्वेऱ्या, कारण लॉट नंबर आणि मुदत तुम्ही त्याच पानावर दाखवताय. पोराला किराणा आणायला पाठवायचं आणि एका खेपेला एकच जिन्नस सांगायचा, त्यातली गत. यालाच एन प्लस वन म्हणतात. लॉट जॉइन फेचनं, म्हणजे मालाच्याच क्वेरीत जोडून, एकदम आणा, नाहीतर त्या कलेक्शनवर बॅच साइज ५० द्या, म्हणजे एका क्वेरीत ५० मालांचे लॉट येऊन ४०० च्या आठ होतील. नऊ सेकंदांतले बहुतेक इथेच जातील, आणि त्यासाठी कुठलीच कॅश लागत नाही.

त्याच लॉगमध्ये आणखी एक गंमत दिसेल. कंपन्यांसाठी मात्र ४०० क्वेऱ्या नसतील, जेवढ्या वेगळ्या कंपन्या तेवढ्याच असतील. एकदा आणलेली कंपनी हायबरनेट त्या सेशनपुरती, म्हणजे डेटाबेसबरोबरच्या त्या एका कामापुरती, जवळ ठेवतं. ही फर्स्ट लेव्हल कॅश. ती कायम चालू असते, बंद करता येत नाही आणि सेशनबरोबर संपते. तिचा एक चकवा लक्षात ठेवा. त्याच सेशनमध्ये तुम्ही परत क्वेरी टाकली तर ती डेटाबेसपर्यंत जाते, लॉगमध्ये दिसतेही, पण ऑब्जेक्ट आधीच हातात असेल तर हायबरनेट तोच जुना परत देतं, नव्या व्हॅल्यू त्यावर चढवत नाही. नवं हवं असेल तर कोडमध्ये त्या ऑब्जेक्टला रिफ्रेश म्हणावं लागतं. ‘क्वेरी तर गेली, मग आकडा जुना कसा?’ या प्रश्नात नव्या पोरांच्या रात्री जातात. माझीही एक गेलीय.

क्वेरी कॅशनं पान का हललं नाही, तेही यातच आहे. माल सेकंड लेव्हल कॅशमध्ये ठेवायचा ठरला असेल तर हिच्यात सहसा माल नसतो, मालाचे फक्त आयडी असतात. त्या आयडीचा माल सेकंड लेव्हल कॅशमध्ये सापडला तर ठीक, नाहीतर प्रत्येक आयडीसाठी वेगळी क्वेरी, म्हणजे पुन्हा तेच दुखणं. शिवाय मालाच्या टेबलात कुठल्याही एका ओळीत बदल झाला, की त्या टेबलावरचे सगळे साठवलेले निकाल बाद. मृगात पेरणीची घाई असताना तुमच्याकडे मिनिटाला एक बिल होत असेल आणि प्रत्येक बिल साठा बदलतं. तिथे क्वेरी कॅश म्हणजे भर पावसात अंगणात वाळत घातलेले पापड. काढून टाका.

आता मुद्द्याचं. कॅश कुठली, हा प्रश्न नंतरचा. आधी कागदावर लिहा, की या टेबलात कोण कोण लिहितं आणि कुठल्या दारानं. हायबरनेटला फक्त स्वतःच्या दारातून गेलेलं कळतं.

हे मी शहाणपणानं नाही, मार खाऊन शिकलो. काही वर्षांपूर्वी लातुरात एका आडत पेढीचं सॉफ्टवेअर केलं होतं. हमालीच्या दरांचं छोटंसं टेबल होतं, दहा-बारा ओळी. शेतकऱ्याच्या हिशेबाची प्रत्येक पट्टी करताना ते वाचलं जायचं, म्हणून मी ते कॅशमध्ये टाकलं आणि प्रकार निवडला रीड ओन्ली. हमालीचे दर काय रोज बदलतात का, असा माझा हिशेब. मग एके दिवशी हमाल आणि व्यापाऱ्यांची बैठक झाली, दर वाढले. मुनीमांनी स्क्रीनवरून नवा दर भरला, तर लाल अक्षरात एरर. रीड ओन्ली कॅशमधली ओळ हायबरनेट बदलू देत नाही, ते आपलं काम चोख करत होतं. मी काय केलं? रात्री घरून सरळ डेटाबेसमध्ये शिरून अपडेट मारला, बदललेला आकडा डोळ्यांनी पाहिला आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी सोयाबीनची आवक जोरात. दुपारी तीनला मुनीमांचा फोन, ‘‘साहेब, हमाली जुनीच लागूलालीय की!’’ मी मागच्या दारानं गेलो होतो, पुढच्या दाराला पत्ताच नव्हता. कॅशला मुदतही दिलेली नव्हती, त्यामुळे सर्व्हर बंद-चालू करेपर्यंत ती जुनाच दर वाटत बसली. तोवर शंभराच्या वर पट्ट्या निघून गेलेल्या. शेतकरी पैसे घेऊन गावी पोचलेले, हमालांचा फरक पेढीच्या अंगावर. त्या गडबडीत मी फोनवर म्हणालो, ‘‘आधी कॅश साफ करा,’’ आणि मुनीम दचकले. त्यांना वाटलं मी गल्ल्याबद्दल बोलतोय.

नंतर मी कॅश काढली नाही, टेबल बदललं. आता जुन्या दराच्या ओळीला कुणी हात लावत नाही. दर बदलला की ‘लागू दिनांक’ घालून नवी ओळ, आणि पट्टीवर त्या वेळी लागलेला दर वेगळा साठवलेला. जी ओळ कधी बदलतच नाही ती कितीही वेळ कॅशमध्ये ठेवली तरी शिळी होत नाही. रीड ओन्लीचा खरा उपयोग हा.

तुमच्याकडे लिहिणारे मोजा. बिलिंग तर आहेच. तुम्ही लिहिलंय की कंपनीची एक्सेल आली की रात्री नेटिव्ह क्वेरीनं, म्हणजे हातानं लिहिलेल्या थेट एसक्यूएलनं, किमती भरता. ते काम हायबरनेटमधूनच होत असेल, तर नेटिव्ह अपडेटमध्ये नेमकं कुठलं टेबल हललं हे त्याला कळत नाही, म्हणून ते सावधपणानं सगळीच सेकंड लेव्हल कॅश रिकामी करतं. टेबलाचं नाव सांगितलंत तर तेवढाच भाग बाद होतो. काम वेगळ्या स्क्रिप्टनं सरळ पोस्टग्रेसमध्ये होत असेल, तर काहीच बाद होत नाही, माझ्या हमालीसारखं. आणि तिसरा लिहिणारा तुम्ही स्वतः, ‘एवढं एकच दुरुस्त करतो’ म्हणून आत शिरणारे. त्याला यादीत धराच.

मग माल कॅशमध्ये ठेवायचा की नाही? तुमच्या माल टेबलात नाव, कंपनी, किंमत आणि शिल्लक साठा एकाच ओळीत आहे. डीएपीच्या ५० किलोच्या बॅगेवरची १३५० रुपयांची किंमत वर्षानुवर्षं तीच आहे, ती हजार वेळा वाचली जाते. साठा प्रत्येक बिलाला बदलतो. कॅश ओळीचा अर्धा तुकडा धरत नाही. साठा हलला की पूर्ण मालाची नोंद हलते, म्हणजे न बदलणाऱ्या किमतीलाही साठ्याबरोबर फरफटत जावं लागतं. साठ्याचं वेगळं टेबल, वेगळी एंटिटी (त्या टेबलासाठीचा जावा क्लास) करा. माल कॅशमध्ये, साठा कधीच नाही. साठा दरवेळी डेटाबेसमधूनच वाचा. प्रायमरी कीवरची एक ओळ आणायला पोस्टग्रेसला काही वेळ लागत नाही, ते स्वतःही नेहमीची पानं मेमरीत ठेवतंच. आणि साठ्याला व्हर्जनचा कॉलम द्या, म्हणजे शेवटची बॅग दोन काउंटरवरून एकदम विकली गेली तर दुसऱ्याला एरर मिळेल. बिलाला नाही म्हणणं परवडतं, गिऱ्हाइकाला बिल हातात देऊन माल नाही म्हणणं परवडत नाही.

बाकी कॅशमध्ये काय चालेल? कंपन्या, एककं, जिल्हा-तालुका-गावाची यादी. त्यातही ‘जिल्हे काय बदलणार’ असं म्हणू नका. आपल्या मराठवाड्यात पूर्वी पाचच जिल्हे होते. १९८१ ला जालना, १९८२ ला लातूर आणि १९९९ ला हिंगोली वेगळा झाला, आणि २०२३ मध्ये औरंगाबाद, उस्मानाबादची नावं छत्रपती संभाजीनगर, धाराशिव झाली. बदल दुर्मीळ असतो, पण होतो. जिल्ह्याचं नाव बिलावर दिवसभर जुनं छापलं तर फारसं बिघडत नाही, म्हणून तिथे एक दिवसाची मुदत पुरे. जीएसटीला ती चालणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सूक्ष्म अन्नद्रव्यं १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली, तारीख बदलताच नवा दर हवा. तिथेही लागू दिनांकाचीच पद्धत वापरा, ओळ आधीच भरून ठेवा. मुदत किती द्यायची हे मी एकाच प्रश्नावर ठरवतो: एवढा वेळ चुकीचं दिसलं तर कुणाच्या खिशाला चाट बसेल?

तुमच्या कोडच्या तुकड्यात एक गोष्ट खटकली. कॅशेबल नावाच्या दोन ॲनोटेशन, म्हणजे कोडवर लावायच्या खुणा, आहेत. एक जेपीएची (जावातला डेटाबेससाठीचा मानक, हायबरनेट तोच पाळतं), ती एंटिटीवर लागते आणि सेकंड लेव्हल कॅशशी बोलते. दुसरी स्प्रिंगची, ती मेथडवर लागते आणि मेथडनं दिलेलं उत्तर जसंच्या तसं ठेवून देते. आयडीईनं, म्हणजे कोड लिहायच्या एडिटरनं, सुचवलं ते इम्पोर्ट झालं असणार, कारण तुम्ही ती सर्व्हिसच्या मेथडवर लावलीय आणि तिथून एंटिटीच परत देताय. कॅशमधली ही एंटिटी सेशनपासून तुटलेली असते. पुढच्या वेळी तिचे लॉट मागितले की लेझी इनिशियलायझेशनचा एक्सेप्शन, म्हणजे ‘आधी न आणलेलं आता आणता येत नाही’ अशी एरर. वर ती मेमरीतच ठेवली असेल तर एकाच वेळी चालणाऱ्या सगळ्या धाग्यांना (थ्रेडना) तोच एक ऑब्जेक्ट मिळतो, आणि कुणी सवलतीसाठी त्याची किंमत सेट केली की ती सगळ्यांसाठीच बदलते. हायबरनेटची सेकंड लेव्हल तसं करत नाही, ती ऑब्जेक्ट नाही तर सुट्ट्या व्हॅल्यू ठेवते आणि प्रत्येक सेशनला नवा ऑब्जेक्ट बांधून देते. स्प्रिंगची वापरायचीच असेल तर एंटिटीऐवजी साधा डीटीओ, म्हणजे फक्त डेटा वाहणारा ऑब्जेक्ट, ठेवा.

रेडिस कधी? दोन सर्व्हरना एकच प्रत दिसायला हवी अशी, वारंवार बदलणारी आणि आणायला खरंच महाग अशी काही गोष्ट उरली तर. तुमच्या वर्णनात मला तरी ती दिसली नाही. तीन दुकानांसाठी आणखी एक सर्व्हर सांभाळायचा, रात्री तो बंद पडला तर उठायचं, हे सगळं तुमच्याच गळ्यात पडणार आहे.

आज रात्री फक्त तीन कामं करा: क्वेरी कॅश बंद, साठा वेगळा होईपर्यंत मालाच्या एंटिटीवरून कॅश काढा, लॉटला बॅच साइज. मग हायबरनेटची स्टॅटिस्टिक्स चालू करून दिवसभराचे हिट (कॅशमध्ये सापडलं) आणि मिसचे (नाही सापडलं) आकडे, आणि पान एकदा उघडल्यावर लॉगमध्ये किती क्वेऱ्या दिसल्या तेवढं इथे टाका. मी उद्या दिवसभर मोंढ्यात आहे, एका पेढीचा काटा सॉफ्टवेअरला जोडायचाय. रात्री नऊनंतर बघतो.